जमिनीची खतावणी



कोल्हापुरात शाहूपुरी म्हटले की जुन्या माणसांना पहिल्यांदा आठवतो तो गूळ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात होऊ लागले, पण शाहूपुरी आणि गूळ ही जोडी कोल्हापूरकरांच्या मनातून काही सुटली नाही.

गुळाच्या अडत्याच्या पेढीवर एक जाडजूड वही असते. तिला खतावणी म्हणतात. तीत प्रत्येक शेतकऱ्याचे वेगळे पान असते. त्याच्याकडून काय आले, त्याला काय दिले आणि बाकी किती राहिली, हे त्या पानावर एका दृष्टीत कळते. आज आपणही अशीच एक खतावणी उघडून पाहणार आहोत. मात्र तिच्यातले खाते माणसाचे नाही. ते आहे उसाखालच्या जमिनीचे!

गूळ कशाचा बनतो?

सुरुवातीला एक कोडे घालतो. गुळाचा एक रवा घ्या. त्यातली गोडी, म्हणजे साखर, कोठून आली? तुम्ही म्हणाल, उसातून. आणि उसात कोठून आली? बहुतेक जण चटकन उत्तर देतील, 'जमिनीतून!' पण हे उत्तर चूक आहे.

साखरेच्या एका रेणूत कर्बाचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. यातला कर्ब उसाच्या पानांनी हवेतल्या कार्बन डायॉक्साइडमधून घेतला. हायड्रोजन आला पाण्यातून. या दोहोंना जोडायला लागणारी शक्ती पुरवली सूर्याने. साखरेच्या रेणूत नत्र नाही, स्फुरद नाही आणि पालाशही नाही. म्हणजे शेतातून फक्त साखर बाहेर गेली असती, तर जमिनीचे काहीच कमी झाले नसते.

मग आजोबा तक्रार करतात ती कशाची? 'पूर्वी या रानात काय ऊस यायचा! आता खताची पोती ओतली तरी तसा येत नाही. जमीन दमली,' असे तुम्ही घरी ऐकले असेल. साखर जर हवापाण्याची, तर जमीन दमते कशाने?

याचे उत्तर उसाच्या पानात आहे. पान म्हणजे साखर तयार करणारा कारखाना. त्या कारखान्यातली यंत्रे, म्हणजे हरितद्रव्य आणि निरनिराळी विकरे, बनवायला नत्र लागते. शक्तीची देवघेव करायला स्फुरद लागते. पाणी आणि साखर इकडून तिकडे नेण्याच्या कामी पालाश लागते. ही सगळी सामग्री मुळांनी जमिनीतून उचललेली असते. यातला काही भाग उसाच्या रसातून आणि चिपाडातून शेताबाहेर जातो. हिरवी वाढे जनावरांच्या पोटात जातात. उरलेला मोठा वाटा वाळक्या पानांत, म्हणजे पाचटात, शेतातच पडून राहतो.

जमिनीची ही ठेव जमिनीला परत मिळते का, यावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

पाच मिनिटांची आग

ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातून एस.टी.ने प्रवास करताना तुम्ही रानातून उठणारे धुराचे लोट पाहिले असतील. ऊस तुटून गेला की मागे गुडघाभर पाचट उरते. काडी लावली की चरचर आवाज करीत सारे रान पेटते आणि थोड्याच वेळात काळे होते. बघणाऱ्याला वाटते, रान कसे स्वच्छ झाले!

आता खतावणीत या आगीची नोंद करू. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. गणित सोपे आहे. १० टन म्हणजे १०,००० किलो आणि त्याचा अर्धा टक्का म्हणजे ५० किलो नत्र. हेक्टरला अडीच एकर धरले, तर एकरी २० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे २० किलो नत्रासाठी सुमारे ४४ किलो युरिया लागेल. दुकानात युरियाचे पोते ४५ किलोंचे मिळते. थोडक्यात, एका एकरातले पाचट जाळणे म्हणजे जवळजवळ एक पोते युरियाला काडी लावणे! पाचट पेटले की त्यातले बहुतेक नत्र वायुरूपाने उडून जाते. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात खरे, पण ती हलकी राख वाऱ्याबरोबर आणि पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जायला वेळ लागत नाही.

तरी ही किरकोळ रक्कम झाली. मोठी रक्कम वेगळीच आहे. पाचटाच्या वजनात ३० ते ४० टक्के कर्ब असतो. म्हणजे हेक्टरी तीन ते चार टन कर्ब धूर होऊन निघून जातो. नत्र दुकानात विकत मिळते, पण सेंद्रिय कर्बाचे पोते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

झाकलेली जमीन, उघडी जमीन

समजा, शेतकऱ्याने पाचट जाळले नाही. ते सरीत नीट दाबून पसरले. अशा पसरलेल्या थराला आच्छादन म्हणतात. ते कुजायला लागण्याच्या आधीपासूनच आपले काम सुरू करते.

पहिले काम पाण्याचे. खोडव्याचा ऊस फेब्रुवारी ते मे या कडक उन्हाळ्यात लहान असतो आणि जमीन उघडी असते. ऊन सरळ मातीवर पडते, वारा सरळ मातीवरून वाहतो आणि ओल वाफ होऊन उडते. वरची माती कोरडी पडली की बारीक फटींतून खालचे पाणी वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढते, तसेच हे. तेही वर येऊन उडून जाते. पाचटाचा थर ऊन अडवतो, वारा अडवतो आणि मातीलगतची दमट हवा तेथेच कोंडून ठेवतो. त्यामुळे दोन पाण्यांमधले अंतर वाढवता येते.

दुसरे काम पावसाचे. वळवाच्या सरीतला टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ८ ते ९ मीटर असतो. उघड्या जमिनीवर असा थेंब म्हणजे लहानसा हातोडाच. त्याच्या माऱ्याने मातीचे रवाळ कण फुटतात, बारीक गाळ फटींत जाऊन बसतो आणि पाऊस उघडल्यावर वर कडक पापडी धरते. मग पुढच्या सरीचे पाणी मुरत नाही. ते ओघळाने वाहते आणि जाताना चांगली माती घेऊन जाते. आच्छादन असले की थेंबाचा मार पाचटावर पडतो आणि पाणी हळूहळू खाली झिरपते.

आणखी दोन कामे अशी की, सूर्यप्रकाश न मिळाल्याने तणे फारशी उगवत नाहीत, आणि भर दुपारी उघड्या मातीवर अनवाणी पाय ठेववत नसला तरी पाचटाखालची माती हाताला गार लागते. ही सावली उसाच्या मुळांना हवी असते. पण तिची त्याहून जास्त गरज असणारे जीव मातीत राहतात. आता त्यांच्याकडे वळू.

जमिनीतले कामगार

पहिल्या पावसाचा मातीचा वास तुम्हाला आवडतो ना? त्या वासातला मोठा भाग जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि तो पदार्थ मातीतले काही सूक्ष्मजीव तयार करतात. म्हणजे तो सुगंध ही जमीन जिवंत असल्याची खूण आहे. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. शिवाय बुरशीचे धागे, आदिजीव, सूत्रकृमी आणि ज्यांना आपण डोळ्यांनी पाहू शकतो ती गांडुळे. गांडुळांच्या कामाने चार्ल्स डार्विन इतका भारावून गेला होता, की आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, त्याने गांडुळांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

पाचट हे या कामगारांचे जेवण. ते खाऊन कर्ब जाळायचा, त्यातून शक्ती मिळवायची आणि थोडा कर्ब आपल्या शरीरात ठेवायचा, असा त्यांचा क्रम चालतो. पण येथे एक अडचण येते, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. कारण ती न समजल्यामुळे कित्येकांनी पाचट ठेवून पाहिले आणि पुन्हा काडी हातात घेतली.

पाचटात कर्ब ४० टक्के आणि नत्र अर्धा टक्का धरले, तर दर ८० भाग कर्बामागे नत्राचा एकच भाग येतो. सूक्ष्मजीवांच्या शरीरात मात्र दर आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र असते. आता हिशेब करा. त्यांनी ८० भाग कर्ब खाल्ला. त्यातला सुमारे दोन तृतीयांश श्वासावाटे गेला. उरलेल्या २६-२७ भागांचे शरीर बनवायला नत्राचे तीनाहून जास्त भाग हवेत, आणि पाचटातून मिळाला एकच! बाकीचे नत्र ते आजूबाजूच्या मातीतून उचलतात. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे उसाच्या वाट्याचे नत्र कमी पडते आणि खोडवा पिवळट दिसू लागतो. शेतकरी म्हणतो, 'पाचटाने ऊस मारला.'

यावर उपाय आहे. कृषितज्ज्ञ सांगतात की, पाचट पसरल्यावर त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जीवाणू टाकावेत आणि पाणी द्यावे. हा युरिया उसासाठी नसून कामगारांसाठी आहे. ही त्यांना दिलेली उचल म्हणा ना! पाचट कुजून संपत आले की कामगारांची उपासमार होते, ते मोठ्या संख्येने मरतात आणि त्यांच्या शरीरातले नत्र पुन्हा मातीत मोकळे होते. उचल अशी फिटते. ओल टिकली तर साधारण चार-पाच महिन्यांत पाचटाचे खत होते.

उसाला द्यायचे खत मात्र पाचटावर फेकून चालत नाही. युरिया उघड्यावर पडला तर त्याचा अमोनिया वायू होऊन काही भाग उडून जातो. म्हणून खोडव्यात पहारीने बुडख्याच्या बाजूला भोक पाडून खत आत टाकतात आणि भोक बुजवतात. जुन्या शेती-अवजारातून निघालेली ही साधीशी युक्ती, पण तिच्यामागचे रसायनशास्त्र पक्के आहे.

कामगार नुसते खत तयार करून थांबत नाहीत. बुरशीचे धागे मातीचे कण बांधतात. जीवाणू चिकट पदार्थ सोडतात. गांडुळे बिळे पाडतात. यातून माती रवाळ होते. तिच्यात लहानमोठ्या पोकळ्या तयार होतात. लहान पोकळ्यांत पाणी टिकते, मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते. 'भुसभुशीत जमीन' म्हणतात ती हीच. नांगराने केलेला भुसभुशीतपणा दोन पावसांत बसतो. या कामगारांनी केलेला मात्र त्यांना जेवण मिळते तोवर टिकतो.

शेजारचे पीक

आच्छादनाने कर्बाची बाजू सावरली. नत्राचे काय? येथे दुसरी जुनी युक्ती मदतीला येते. ती म्हणजे आंतरपीक.

ऊस हे सावकाश वाढणारे पीक आहे. लागणीनंतर पहिले तीन-चार महिने दोन सऱ्यांमधली जागा रिकामीच असते. तेथे ऊन पडते, पाणी पोचते आणि काही पेरले नाही तर तणे माजतात. मग तेथे लवकर निघणारे पीक का घेऊ नये? जुलै-ऑगस्टच्या आडसाली उसात भुईमूग किंवा सोयाबीन, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी उसात हरभरा, कांदा किंवा बटाटा, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुरू उसात मेथी, कोथिंबीर अशी भाजी, असा मेळ घातला जातो. उसाचे पैसे हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागते. आंतरपिकाचे पैसे त्याआधीच येतात आणि घरखर्चाला उपयोगी पडतात. लहान शेतकऱ्याला ही गोष्ट फार मोलाची असते.

यांतली भुईमूग, सोयाबीन, हरभरा ही शेंगवर्गीय पिके जमिनीच्या दृष्टीने विशेष आहेत. त्यांच्या मुळांवर लहान लहान गाठी असतात. या गाठींत हवेतला नत्र पकडला जातो, हे १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे दोनच वर्षांत हॉलंडच्या बायेरिंकने गाठींतला जीवाणू वेगळा काढला. रायझोबियम म्हणतात तो हाच. झाड त्याला साखर देते, तो झाडाला नत्र देतो. गाठ कापली आणि आत गुलाबी-लाल रंग दिसला तर कारखाना चालू आहे असे समजावे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे!

पण खतावणी लिहिताना खरे तेच लिहिले पाहिजे. पुष्कळांना वाटते की, शेजारी सोयाबीन पेरले की उसाला फुकट नत्र मिळते. तसे नाही. पकडलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो आणि दाणा बाजारात जातो. जमिनीला मिळते ते मुळांतले, गाठींतले आणि गळलेल्या पाल्यातले. म्हणून शेंगा काढल्यावर वेल आणि पाला शेतातच ठेवला, किंवा जनावरांना घालून त्यांचे शेण शेतात परत आणले, तरच जमिनीच्या खात्यावर काही जमा होते. तागाची गोष्ट वेगळी. त्याचा दाणा घेतच नाहीत. साधारण ४५ दिवसांनी, फुले येण्याच्या सुमारास तो कापून सरीत गाडतात. मग त्याचे सगळे नत्र जमिनीलाच मिळते.

येथे दोन्ही युक्त्यांची सांगड कशी बसते, ते पाहा. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. शेंगवर्गीय पाल्यात नत्र भरपूर. नुसता हिरवा पाला झटकन कुजतो आणि मागे फार थोडे उरते. नुसते पाचट कुजता कुजत नाही. जमिनीला आलटून पालटून किंवा एकत्र दोन्ही मिळाले, तर कामगारांना भाकरीबरोबर डाळही मिळाल्यासारखे होते.

चहाच्या मळ्यात आणि आफ्रिकेत

हा धडा केवळ उसाचा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्याच काळात पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग झाले होते. आज आपल्या देशातले चहाचे मोठे मळे आसाम, दार्जिलिंग, नीलगिरी आणि मुन्नार या भागांत आहेत. चहाचे तर पानच तोडून नेतात, म्हणजे जमिनीकडून घेणे आणखी जास्त. त्यातून मळे डोंगरउतारावर आणि पाऊस मुसळधार. म्हणून काही वर्षांनी झुडपांची छाटणी केली की छाटलेल्या फांद्या सरपणाला न नेता ओळींमध्ये पसरणे चांगले मानतात. रोपे लहान असतात तेव्हा ओळींच्या मधे शेंगवर्गीय झुडपे लावतात, किंवा ग्वाटेमाला नावाचे उंच गवत लावून, ते कापून त्याचे आच्छादन करतात. पीक वेगळे, डोंगर वेगळे, पण हिशेब तोच.

आणि या हिशेबाची परीक्षाही झाली आहे. दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ माउंट एजकोंब येथे १९३९ साली उसाचा एक प्रयोग सुरू झाला. काही वाफ्यांत पाचट जाळायचे, काहींत तसेच ठेवायचे. तो अनेक दशके चालू राहिला. पाचट ठेवलेल्या वाफ्यांत मातीच्या वरच्या थरातील सेंद्रिय पदार्थ, सूक्ष्मजीव आणि गांडुळे जळक्या वाफ्यांपेक्षा जास्त आढळली.

'अनेक दशके' हे शब्द अधोरेखित करा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो असते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर त्यात २,००० किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. एका वर्षाच्या पाचटात तीन-चार टन कर्ब असतो, पण कुजताना त्यातला बहुतेक कार्बन डायॉक्साइड होऊन हवेत परत जातो. थोडासा हिस्सा मातीत मुरतो. म्हणजे माती-परीक्षणाच्या कागदावरचा आकडा किंचित हलायलाही काही वर्षे जावी लागतात. पाण्याची बचत पहिल्याच उन्हाळ्यात दिसते. मातीचा पोत मात्र सावकाश सुधारतो.

मग लोक जाळतात का?

शेतकऱ्याला हे कळत नाही, असे समजू नका. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. पाचटात उंदीर होतात, सापाची भीती वाटते. बुडखे जमिनीलगत छाटायला पाचट आड येते. बुडख्यांवरच पाचट राहिले तर फुटवे नीट येत नाहीत. ते बाजूला ओढून सरीत दाबावे लागते आणि त्याला मजुरी पडते. नवी लागण लवकर करायची तर रान मोकळे हवे असते. पाचट बारीक करणारी यंत्रे आली आहेत, पण ती प्रत्येकाच्या आवाक्यात नाहीत.

शिवाय सगळी जमीन एकसारखी नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर शिरोळकडे पाच-सहाशे मिलिमीटर. पश्चिमेला तांबडी निचऱ्याची जमीन, पूर्वेला खोल काळी. जेथे पाणी तुंबते, तेथे पाचटाचा जाड थर जमीन आणखी चिंब ठेवतो आणि मुळे गुदमरतात. नदीकाठच्या क्षारपड जमिनीत आच्छादनामुळे पाणी उडणे कमी होते आणि क्षार वर येण्याचा वेगही थोडा मंदावतो. पण क्षारपडीवरचे खरे औषध म्हणजे निचरा आणि बेताचे पाणी. अशा जमिनीतल्या उसाचा गूळही चांगला होत नाही. त्याला खारट चव येते आणि तो ओल धरतो. अडत्याच्या वहीत त्याला भाव कमी पडतो. जमिनीची खतावणी बिघडली की शेवटी माणसाचीही बिघडते, ती अशी.

करून पाहा

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका. शाळेत शिक्षकांच्या मदतीने हे चार प्रयोग करा.

१. सारख्या आकाराची दोन सुकी ढेकळे घ्या, एक नेहमी नांगरलेल्या रानातले आणि एक गवत वाढलेल्या बांधावरचे. चहाच्या दोन गाळण्यांत ठेवून ती पाण्याने भरलेल्या दोन पेल्यांत अलगद बुडवा. पाच मिनिटांत कोणते विरघळून खाली बसते आणि कोणते टिकते, ते लिहून ठेवा.

२. दोन सारख्या डब्यांत सारख्याच वजनाची माती आणि सारखेच पाणी घाला. एकावर चार बोटे पाचट पसरा. पाचट घातल्यावर दोन्ही डब्यांचे वजन करा आणि ते उन्हात ठेवा. पुढे आठ दिवस रोज वजन करा आणि आलेख काढा. वजनातील घट म्हणजे उडालेले पाणी.

३. भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे झाड फुलावर असताना मुळांसकट हळूच उपटा. गाठी मोजा आणि ब्लेडने कापून त्यांचा रंग पाहा. ब्लेड मात्र जपून वापरा.

४. पाऊस सुरू झाल्यावर पाचट ठेवलेल्या आणि जाळलेल्या रानात एक-एक फूट लांबी-रुंदीचा आणि वीतभर खोलीचा खड्डा खणा. दोन्ही मातींतली गांडुळे मोजा आणि पुन्हा मातीत सोडून द्या.

घरी शेती असेल तर वडिलांकडे, आजोबांकडे एकच मागणे मागा. सगळे रान नको, दोनच गुंठे. 'या दोन गुंठ्यांतले पाचट जाळू नका, मला हिशेब ठेवायचा आहे,' असे सांगा. मग एक वही घाला. पाणी कितव्या दिवशी द्यावे लागले, खुरपणीला किती वेळ लागला, फुटवे किती आले, गांडुळे किती सापडली, ऊस किती निघाला, हे सगळे तीत लिहा. शेजारच्या जळक्या दोन गुंठ्यांचेही लिहा. पहिल्या वर्षी फरक थोडा दिसेल. कदाचित उलटाही दिसेल. तोही तसाच लिहा. वही मात्र बंद करू नका.

तुम्ही दहावीला जाईपर्यंत त्या वहीत जे उतरलेले असेल, ते तुमच्या जमिनीपुरते कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त खरे असेल.